छपरावरचं कांबळं

मला आमच्या भागात कुणी नावाने हाक मारत नाही. ‘निम्मे’ म्हणतात. निम्म्यांना बोलवा, निम्मे येऊन गेले, निम्मे परवा येतो म्हणालेत म्हणजे तेरवा उगवतील. घरावर सोलर बसवायला कंपनीवाले जेवढे पैसे सांगतात, त्याच्या बरोबर निम्म्यात मी बसवून देतो, म्हणून हे नाव. सुरुवातीला राग यायचा. मग लक्षात आलं, की आईबापांनी ठेवलेल्या नावाने आपल्याला आजवर एक काम मिळालेलं नाही, आणि या नावाने दारात माणसं थांबतात. तेव्हापासून मी मुकाट ओ देतो.

निम्म्यात कसं जमतं, असं लोक विचारायचे. त्यात जादू नाही, डोकं आहे. मोठ्या कंपन्या आपल्या गच्चीवरचे पॅनेल दहा वर्षांत उतरवतात आणि नवे लावतात. उतरवलेल्या मालात अजून भरपूर दम असतो. मी एकेक पॅनेल उन्हात ठेवून, मीटर लावून, मडकं वाजवून घ्यावं तसा पारखून घ्यायचो. खाली लावायचे लोखंडी सांगाडे भंगारातल्या खाटांचे. बॅटरी नाही, ऊन आहे तोवर वीज, ऊन गेलं की नेहमीची लाइन. मजुरी माझी आणि बायकोची. ती शिडी धरायची आणि वर बघून बोल लावायची, त्याचे वेगळे पैसे नव्हते.

एवढं करूनही आकडा निम्म्यावर येत नव्हता. निम्म्याहून चिमूटभर जास्त व्हायचा. ती चिमूट म्हणजे छपरावरचा स्विच.

हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्या स्विचचंच रामायण आहे. पॅनेल दिवसा कधी झोपत नाही. तुम्ही घरातलं मेन बटण पाडा, घर थंड होईल, पण पॅनेलपासून खाली येणारी केबल ऊन आहे तोवर जिवंतच राहते. आणि ही वीज हट्टी असते. एकदा ढिल्या जोडात ठिणगी धरली, की सोडत नाही, जळतच राहते. म्हणून वर पॅनेलशेजारी एक वेगळा, दणकट स्विच लावतात. साधा चालत नाही, म्हणून महाग.

आता आम्ही वर काम करतो तेव्हा काय करतो? पॅनेलवर जाडजूड कांबळं टाकतो. उजेड नाही तर वीज नाही. आमच्यात त्याला ‘पॅनेल झोपवणं’ म्हणतात. एकदा असंच पॅनेल झोपवून काम करताना माझ्या डोक्यात आलं, की हे कांबळं इथेच ठेवलं तर? एका इस्पितळाने जुनी काळी कांबळी मातीमोल भावात काढली होती, ती उचलली. बायकोने दोन-दोन जोडून शिवली. त्यांची गुंडाळी करून प्लॅस्टिकच्या पोत्यात घालायची, पॅनेलच्या वरच्या कडेला बांधायची आणि दोरी खाली रस्त्यापर्यंत सोडायची. दोरी ओढली की पोतं सुटतं, कांबळं उतारावरून घरंगळतं, पॅनेल झोपतात. स्विच गेला आणि आकडा बरोब्बर निम्म्यावर आला. दोन दिवस मी स्वतःची पाठ थोपटत होतो.

बायको मात्र शिवता शिवता म्हणाली, “अहो, असलं कांबळं आपल्या अंथरुणावर नाही.”

“मग ठेव एक काढून.”

“तसं नाही म्हणत मी. आपल्याला मोह होतो, तर लोकांना होणार नाही?”

“छपरावर चढून कांबळं कोण काढतंय?”

“थंडी वाजली की माणूस कुठेही चढतं,” ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

तू शिव, असं मी तिला म्हणालो. मला तेव्हा फार कळत होतं.

एकोणिसावं घर माझ्या ताईचं. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि ताई पंधराची. तिने मला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत पिटाळलं, माझ्यासाठी शेजारणींशी भांडली. मी कुठेही निघालो की ती दारात यायची आणि मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभी राहायची. माझे केस पिकले तरी तिची ती खोड गेली नाही. कोपऱ्यावर मी मागे बघायचो, ती मान हलवायची, मग मी वळायचो.

ताई घरी शाळांचे गणवेश शिवते. दाजी बस चालवतात. खालच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि कापडाचे गठ्ठे, त्यातून वाट काढत माणसं. वरती पत्र्याखाली, प्लायवुडचं छत ठोकलेल्या खोलीत ताईच्या सासूबाई. त्यांचं अर्धं अंग गेलेलं. हिवाळ्यात ती खोली अशी गारठायची की भिंतीला हात लावला तर झिणझिण्या याव्यात. हीटर लावावा तर बिल आ वासून उभं. ताई म्हणायची, “हीटर लावू की मशीन चालवू, एवढंच सांग. दोन्ही नाही जमत.”

मी चार पॅनेल लावले आणि दोन्ही जमायला लागलं. दिवसभर खाली मशीन, वर हीटर. सासूबाई अर्ध्या तोंडाने म्हणाल्या, “ऊन आत आणलंस रे.” मला कंपन्यांकडून कौतुकाची पत्रं येत नाहीत, पण तेवढं वाक्य मी वर्षभर खिशात घालून फिरत होतो.

बसवलं त्याच दिवशी मी समोरच्या दुकानदार काकांना बोलावून दोरी ओढायला लावली. काकांनी ओढली, कांबळं खाली आलं, आणि लाइन मी आधीच बंद ठेवल्यामुळे घरातला हीटर विझला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. “धूर दिसला की आधी मेन बटण, मग ही दोरी,” मी सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. आणि ताईला बजावलं, “वरचं कांबळं कुणी काढायचं नाही.”

ती म्हणाली, “आणि समजा ते नसलं, तर दुसरं काय आहे?”

“दुसरं काही लागत नाही,” मी म्हणालो.

पुढचा हिवाळा वाईट आला. ऊन गेलं की हीटर बंद, आणि सासूबाईंच्या अंगावर एक विरलेली रजई. ताईने काही दिवस सहन केलं, मग एका संध्याकाळी ती शिडी लावून वर चढली. हे तिने मला नंतर सांगितलं. सुरुवातीला ती रोज सकाळी कांबळं परत वर बांधायची. सासूबाईंच्या अंगावरून काढायचं, गुंडाळी करायची, खांद्यावर टाकून शिडी चढायची. असं अकरा दिवस केलं. मग तिचा गुडघा सुजला, आणि ‘उद्या बांधते’ सुरू झालं. रिकामं पोतं तेवढं वरच्या कडेला लटकत राहिलं.

आग लागली ती भर दुपारी. थंड, लख्ख, ढगाचा ठिपका नाही असा दिवस. ताई गणवेश पोचवायला शाळेत गेली होती, दाजी कामावर. छताखालचा केबलचा एक जोड ढिला पडला. जोड माझाच, मी केलेला. काकांना पत्र्याखालून धूर दिसला, आणि त्या माणसाने मी शिकवलेलं सगळं बिनचूक केलं. आधी मेन बटण पाडलं, मग धावत येऊन दोरी ओढली. मला फोन आला तेव्हा ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. “निम्मे, दोरी हातात आली हो. नुसती दोरी.”

मी दोन गल्ल्या पलीकडे होतो. पोचलो तेव्हा जिना धुराने भरला होता आणि जिन्याच्या भिंतीवर केबल तडतडत जळत होती. ती जिन्यातून मीच आणली होती, वायर वाचावी म्हणून. एकाने बादलीभर पाणी मारलं आणि झटका बसून पायऱ्यांवरून खाली आला. त्यानंतर पाणी घेऊन पुढे व्हायला कुणी धजेना. तेवढ्यात आगीचा बंब आला.

“वरचा करंट कुठून तोडायचा?” त्यांच्या साहेबाने विचारलं.

“पॅनेलवर कांबळं टाकायला हवं,” मी म्हणालो.

त्याला वाटलं मला वेड लागलंय. “स्विच कुठंय, स्विच?”

“नाहीये.”

मी ओरडलो, जाड पांघरुणं आणा. घराघरांतून माणसं धावत आली. कुणी चादर आणली, कुणी पडदा काढून आणला, कुणी साडी. आम्ही ते सगळं पॅनेलवर पसरलं आणि ऊन त्यातून आरपार गेलं. सगळ्या गल्लीत एक जाड पांघरूण निघालं नाही. मी पक्कड घेऊन जिन्यात घुसायला लागलो, तर साहेबाने कॉलर धरून मागे खेचलं. शेवटी त्यांच्याच माणसांनी बंबातली ताडपत्री वर नेऊन पॅनेल झाकले आणि मगच दोघं मुखवटे लावून आत जाऊ शकले. स्विच असता तर शिडी चढून काकांच्या एका हाताच्या फिरकीचं काम होतं.

सासूबाई धुराने गेल्या. त्यांची खाट जळलीसुद्धा नव्हती. हनुवटीपर्यंत कांबळं ओढलेलं होतं, काळं, दोन जोडून शिवलेलं. मधली शिवण माझ्या बायकोची. ती मी कुठेही ओळखली असती.

ताई आली ती गणवेशाची रिकामी पिशवी घेऊन. तिला कुणी काही विचारलं नाही, तरी सगळ्यांदेखत म्हणाली, “कांबळं मी काढलं. भाऊ सांगत होता काढू नकोस म्हणून. मीच काढलं.” दाजी तिच्याकडे बघत राहिले. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण मी बंबाचं पाणी गटारात जाताना बघत उभा राहिलो.

नंतर वीज कार्यालयाचा माणूस येऊन फोटो काढून गेला. चौकशीचा कागद महिन्याभराने येईल म्हणाला. ते पुढचं पुढे. ताईच्या घरातली चौकशी मात्र त्याच दिवशी संपली होती. दाजी तिच्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, शिवी नाही. कामावरून यायचे, स्वतः वाढून घ्यायचे, ताट धुऊन ठेवायचे. शेजारच्या बायका हळहळताना म्हणायच्या, “तिने तरी काय, चांगल्यासाठीच केलं,” आणि तिच्याकडे असं बघायच्या की तिने वाईटासाठी केलं असतं तर बरं. ताईने मशीनवर चादर टाकली ती काढलीच नाही.

“तुम्ही बोलणार आहात की मी जाऊन बोलू?” बायकोने विचारलं.

“बघू.”

“आता काय बघायचं राहिलंय?”

मी म्हणालो, आधी बाकीची घरं तपासतो. तोवर एकूण एकेचाळीस झाली होती. सुरक्षेसाठी जातोय असं मी तिला सांगितलं, पण खरं वेगळंच होतं, आणि ते आता लपवून काय करू. बाकी सगळ्या घरांवर कांबळी जागच्या जागी असावीत, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणजे चूक एकट्या ताईची ठरली असती. ज्या बहिणीने मला वाढवलं, तिच्याबद्दल हा विचार करत मी शिडी खांद्यावर घेऊन हिंडत होतो.

पहिल्याच घरी कांबळं बाळाच्या पाळण्यात सापडलं, चौपदरी घडी करून खाली अंथरलेलं. दुसऱ्या घरी एका जुन्या हमालाच्या पाठीखाली. एका ठिकाणी त्याचा कापून कोट केला होता, आणि कोट चांगला शिवला होता. चौथं घर बघून जरा जीव भांड्यात पडला, कारण वर पोतं टम्म दिसत होतं. चढून सोडलं तर आत वर्तमानपत्रांचे बोळे. मला खालून गुंडाळी दिसावी म्हणून भरले होते. घरातला माणूस खाली मान घालून म्हणाला, “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

रात्रपाळीची पहारेकरीण होती एक, ती मात्र मुळीच वरमली नाही. कांबळं पांघरूनच तिने दार उघडलं. मी आवाज चढवला, तर माझ्याहून वरच्या पट्टीत म्हणाली, “त्या काचांना थंडी वाजते का हो? मी पहाटे येते तेव्हा माझे दात वाजत असतात. आणि तुम्ही काचांना पांघरूण घालून जाता!”

मी शिडी उचलून पुढच्या घरी गेलो. एकेचाळीस घरांपैकी तेहतीस घरांवर कांबळं नव्हतं. ज्या आठांवर होतं, त्यातली तीन घरं बंद होती. निम्म्यात वीज घेणाऱ्या माणसाकडे पांघरुणं किती असतात, हा विचार मला शिवलाच नव्हता. गरिबाला परवडावं म्हणून सगळा खटाटोप, आणि गरिबी काय असते तेवढं विसरलो. हे माझ्या बायकोला सुई चालवता चालवता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून स्विच आणले, आणि त्यातला एक पिशवीत घालून ताईकडे गेलो. दुपारची वेळ. दाजी कामावर जायच्या आधी जेवत होते, भिंतीकडे तोंड करून. ताई आतून आली. तीन आठवड्यांत तिचे हात एकदम म्हातारे झाले होते. माझ्या पुढ्यात तिने घडी घातलेलं कांबळं ठेवलं.

“घे. तीनदा धुतलं. वास काही जात नाही,” ती म्हणाली. “पण पुढच्या घराला होईल तुला. त्यांना नीट सांग हं, काढू नका म्हणावं. माझं सांग हवं तर.”

तेव्हा माझ्याने राहवेना. मी पिशवीतून स्विच काढला आणि दाजींच्या ताटाशेजारी ठेवला.

“दाजी, हा वर लावायचा असतो. पॅनेलपाशी. सगळीकडे लावतात. मी नाही लावला. एकाही घराला नाही. कांबळं त्याच्या बदल्यात होतं.”

दाजींनी डावा हात पुढे करून स्विच उचलला. लाल मूठ एकदा फिरवली, परत फिरवली. खट्ट, खट्ट.

“हा असता तर?”

“काकांनी फिरवला असता. तिथल्या तिथे वीज तुटली असती.”

“कांबळं असो नसो?”

“असो नसो.”

“मग का नव्हता?”

“याच्यामुळे आकडा निम्म्याच्या वर जात होता.”

“किती वर?”

मी किंमत सांगितली. दाजींनी मनात काहीतरी जुळवलं. ते रागावलेले दिसेनात, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“माझा दोन दिवसांचा पगार,” ते म्हणाले.

“हो.”

“मला विचारायचंस तरी. दोन सुट्ट्या मोडल्या असत्या मी.”

मी कुणालाच विचारलं नव्हतं. एकेचाळीस घरांपैकी एकालाही नाही, की बाबा, थोडे जास्त पडतील, पण हा लावू का? विचारलं असतं तर निम्म्यांनी तरी हो म्हटलं असतं, कदाचित सगळ्यांनीच. त्यांना परवडत नाही हे मीच ठरवलं होतं. आणि खरं बोलायचं तर ते कारणही खरं नव्हतं. लोक मला निम्मे म्हणत होते, आणि मला निम्म्याहून चिमूटभर जास्त व्हायचं नव्हतं.

ताई भिंतीला धरून हळूहळू खाली बसली.

“मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, हरवलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवावं तसा. “बसवलंस त्याच दिवशी विचारलं होतं. हे नसलं तर दुसरं काय आहे म्हणून. तू म्हणालास, दुसरं काही लागत नाही.”

“ताई...”

“तीन आठवडे झाले. डोळे मिटले की त्यांच्या अंगावर मी पांघरूण घालतेय एवढंच दिसतं. आणि तू रोज येऊन इथे बसत होतास.”

मी तिचे पाय धरायला वाकलो. तिने पाय आत ओढून घेतले.

दाजी उठले. हात धुतले, येऊन ताईसमोर उभे राहिले. तीन आठवड्यांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले. “ऊठ. जेवून घे,” म्हणाले. मग तो स्विच माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता कामावर निघून गेले.

मी कांबळं उचलायला गेलो, तर ताईने ते स्वतःकडे ओढलं आणि मांडीवर घेतलं. मग पिशवी घेतली आणि बाहेर पडलो. अजून चाळीस घरांवर चढायचं होतं.

कोपऱ्यावर आल्यावर मी सवयीने मागे वळून बघितलं. दार आतून लावून घेतलेलं होतं.